जरीपटक्याच्या सरळ दक्षिणेला

घरातलं कुणी शिडाच्या बोटीने महासागर ओलांडायला निघालं, की मागे राहिलेल्यांचे प्रश्न दोनच असतात. ‘आत्ता ती कुठे असेल?’ आणि ‘दोन दिवस काही कळलं नाही, काळजी करायची का?’ दादर किंवा पणजीला राहणाऱ्याला निदान किनाऱ्यावर जाऊन उभं राहता येतं. नागपुरात तीही सोय नाही. मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत सुमारे 700 किलोमीटर, विशाखापट्टणमचा जवळजवळ 580.

तरीही समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहणं या शहराला परकं नाही. जरीपटक्याचंच पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती वाढवली. त्यांचं आराध्यदैवत झुलेलाल हे पाण्याचं दैवत. फाळणीच्या कितीतरी आधीपासून सिंधमधल्या हैदराबादचे व्यापारी इजिप्त, जिब्राल्टर, जपान इथे पेढ्या चालवत. माणूस बोटीवर चढला की घरच्यांच्या हाती उरायची ती फक्त पत्राची वाट.

आता पत्राच्या जागी मोबाइलच्या नकाशावर एक ठिपका असतो. तो काही तासांनी पुढे सरकतो. पण वाचता आला नाही, तर तो पत्रापेक्षाही जास्त छळतो. रात्री दोन वाजता उठून बघावं तर ठिपका तिथेच, आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. या प्रकरणात आपण तो ठिपका वाचायला शिकणार आहोत. लागेल ते गणित गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही.

1. सुरुवात घरच्या पत्त्यापासून

समुद्रात रस्ता नाही, चौक नाही, पिनकोड नाही. पत्ता सांगायचा तो दोन आकड्यांत. विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, हा अक्षांश. इंग्लंडमधल्या ग्रिनिचपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, हा रेखांश. दोन्ही अंशांत मोजतात आणि एका अंशाची साठ मिनिटं करतात. इथली मिनिटं घड्याळातली नव्हेत, अंतराची आहेत.

आधी आपल्याच घराचा पत्ता काढू. जरीपटका साधारण 21 अंश 11 मिनिटं उत्तर आणि 79 अंश 6 मिनिटं पूर्व इथे आहे. दर्यावर्दींनी एक मोठी सोय करून ठेवली आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. मग जरीपटक्याहून नाकासमोर दक्षिणेला गेल्यावर विषुववृत्त किती लांब? 21 गुणिले 60, अधिक 11. म्हणजे 1,271 सागरी मैल, सुमारे 2,354 किलोमीटर. नकाशा नको, पट्टी नको. बोटीचा अक्षांश कळला की हे अंतर तोंडी निघतं.

रेखांशाचं मात्र तसं नाही. संत्र्याच्या फोडी आठवा. मधोमध त्या रुंद असतात आणि देठाकडे निमुळत्या होत एकत्र येतात. रेखांशाच्या रेघाही ध्रुवांकडे अशाच जवळ येतात. त्यामुळे रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर 60 सागरी मैलांचा, नागपूरच्या अक्षांशावर सुमारे 56 चा, 39 अंश दक्षिणेला पावणेसत्तेचाळीसच्या आसपास आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नपाशी, जेमतेम साडेतेहेतीस मैलांचा. दक्षिणेकडच्या समुद्रात बोट रेखांशाचे अंश भराभर ओलांडताना दिसते, त्याचं एक कारण हे आहे. तिथे अंशच आखूड असतात.

राहिला वेग. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. लांबच्या सफरीवरची मध्यम आकाराची शिडाची बोट सरासरी सहा नॉटने चालली, तर तो वेग ताशी अकरा किलोमीटर. ऐकायला फारच थोडा. या वेगाने नागपूरहून वर्ध्याला पोचायला सात तास लागतील. पण बोट रात्री मुक्काम करत नाही. दिवसाचे चोवीस तास चालून ती 144 सागरी मैल, म्हणजे 267 किलोमीटर कापते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

2. ठिपका नकाशावर येतो कसा

‘बोटीवर जीपीएस आहे, म्हणजे आम्हाला दिसणारच.’ हा समज इतका पक्का आहे की तो आधी दूर करायला हवा. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचे संकेत पाठवतात. बोटीवरचं यंत्र ते संकेत ऐकतं आणि आपली जागा स्वतः काढतं. ती जागा त्या क्षणी बोटीशिवाय जगात कुणालाही ठाऊक नसते.

ती घरी कळवण्याचं काम दुसऱ्या यंत्राचं, ट्रॅकरचं. ट्रॅकर ठरावीक वेळाने जागेचे आकडे दुसऱ्याच उपग्रहांकडे पाठवतो. यासाठी इरिडियमचं जाळं बरंच वापरतात. त्यातले 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटरवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरत असतात, त्यामुळे पृथ्वीचा कोणताही कोपरा त्यांच्या नजरेबाहेर राहत नाही. उपग्रहाकडून आकडे जमिनीवरच्या केंद्रात, तिथून संगणकावर आणि तिथून तुमच्या मोबाइलवर येतात. या साखळीतली कोणतीही कडी अडली, तरी ठिपका थांबतो आणि बोट चालतच असते.

ट्रॅकर किती वेळाने बोलणार हे निघण्यापूर्वीच ठरवलेलं असतं. कुणी दर तासाला ठेवतं, कुणी चार किंवा सहा तासांनी. बोटीवर वीज मोजूनमापून वापरावी लागते आणि उपग्रहाच्या प्रत्येक संदेशाला पैसे पडतात. ‘तुझा ट्रॅकर किती तासांनी बोलतो?’ हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी निघणाऱ्याला विचारलाच पाहिजे. हे उत्तर माहीत नसेल, तर पुढचं सगळं वाचन अंदाजपंचे होतं.

जहाजं दाखवणारी काही ॲप एआयएस नावाच्या वेगळ्या व्यवस्थेवर चालतात. ती मुळात जहाजांनी एकमेकांवर आदळू नये म्हणून आहे. तिचा रेडिओ संकेत जहाजाकडून जहाजाकडे साधारण वीस ते चाळीस सागरी मैल पोचतो. काही उपग्रह तो वरून पकडतात खरे, पण छोट्या बोटीचा संकेत क्षीण असतो आणि पुष्कळदा सुटून जातो. अशा ॲपवरून शिडाची बोट किनाऱ्यापासून दूर जाताच नाहीशी झाली, तर ते अगदी अपेक्षित आहे.

3. किती वाजताचा ठिपका?

नकाशावर ठिपका दिसला की आपण ‘ती आत्ता इथे आहे’ असं म्हणतो. खरं वाक्य असं आहे: ती अमुक वाजता इथे होती. ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ दिसते आणि ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, यूटीसीत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.

समजा, सकाळी 6 यूटीसीला बोट 39 अंश दक्षिण, 90 अंश पूर्व इथे होती. दुपारी 12 यूटीसीला अक्षांश तोच आणि रेखांश 91. एक अंश पुढे, म्हणजे इथल्या हिशेबाने जवळजवळ 47 मैल. सहाने भागलं की पावणेआठ नॉट. बोट छान पळते आहे. आता तुम्ही हे रात्री आठ वाजता जरीपटक्यात बसून पाहताय. दुपारच्या 12 यूटीसीचे आपले साडेपाच वाजतात, म्हणजे ठिपका अडीच तास जुना आहे. एवढ्या वेळात बोट आणखी एकोणीस-वीस मैल पुढे गेली असणार. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ठिपक्याच्या पुढे पस्तीसेक किलोमीटरवर आहे.

तिथल्या वेळेचाही विचार ठेवावा. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात डिसेंबरमध्ये घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलीत साडेआठ तास मागे. आपल्या दुपारी तिकडे मध्यरात्र असू शकते. फोन आला नाही याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की ती पहारा संपवून नुकती आडवी झाली आहे. पूर्वेकडे जात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या माणसाला घरच्यांपेक्षा एक सूर्योदय जास्त दिसतो. प्रशांत महासागरात वाररेषा ओलांडताना त्याच्या रोजनिशीत एकच तारीख दोनदा येते.

4. रेघ वाकडी का?

मराठी वाचकाला ही गोष्ट दिलीप दोंदे यांच्या सफरीवरून समजून घेता येईल. नौदलातले अधिकारी दोंदे हे शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ही कल्पना धरून बसलेले गृहस्थ म्हणजे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत होते. सातारा जिल्ह्यातलं हे गाव समुद्रापासून बरंच आत आहे. मला यात मोठा दिलासा वाटतो. सागर परिक्रमेचा ध्यास घेतलेला माणूसही किनाऱ्यावर राहत नव्हता. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही बोट बांधली गेली. दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले, वाटेत चार ठिकाणी थांबले आणि 19 मे 2010 ला परतले. त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि 31 मार्च 2013 ला, वाटेत कुठेही न थांबता, मुंबईत आले.

या सफरींचा मार्ग नकाशावर पाहिला तर पहिला प्रश्न हाच येतो, की इतकं खाली कशाला जायचं? मुंबईहून निघून ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येचं केप ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न, आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, अशी तीन टोकं करत घरी. कारण वारा. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वर्षभर वाहतात आणि त्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच. शिडाच्या बोटीला पाठीवर वारा हवा, तो तिथे मिळतो. प्रदक्षिणेची मान्य अट अशी, की अंतर किमान 21,600 सागरी मैल हवं. हा आकडाही आता ओळखीचा वाटेल. 360 अंश गुणिले 60.

दुसरी गोष्ट, सपाट नकाशावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची नसते. लिटलटनहून केप हॉर्नला जाण्याचा सर्वांत कमी अंतराचा मार्ग अंटार्क्टिक वृत्ताच्याही थोडा खाली जातो. तिथे हिमनग आहेत. म्हणून बोटी थोडं अंतर वाढवून त्याच्या वरून जातात, आणि नकाशावर ती रेघ उगाच खाली झुकल्यासारखी दिसते.

तिसरं, समोरून वारा असेल तर शिडाची बोट थेट त्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं साधारण 45 अंशांत नागमोडी जावं लागतं. शंभर मैल पुढे सरकायला एकशे चाळीस मैल चालावं लागतं. घरून पाहणाऱ्याला वाटतं, बोट भरकटली. वाऱ्याचे बाण समोरासमोर असतील तर ती अगदी नीट चाललेली असते.

पण रेघेचं एक वळण गंभीरपणे घ्यावं. ठरलेल्या मार्गापासून बोट अचानक एखाद्या बंदराकडे वळली, तर काहीतरी मोडलेलं असण्याची शक्यता असते. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाली. कप्तान वर्तिका जोशी. केपटाऊनहून परतीच्या वाटेवर, एप्रिल 2018 मध्ये, सुकाणूत बिघाड झाला आणि ‘तारिणी’ला ठरलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला जावं लागलं. दुरुस्ती करून ती 21 मे 2018 ला गोव्यात पोचली. वळण म्हणजे संकट नव्हे. कप्तानाने वेळेवर घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो.

5. नकाशावरचा लाल रंग

वारा दाखवणाऱ्या ॲपवर मुलीच्या बोटीभोवती लाल-जांभळा रंग पसरला, की घरात जेवण जात नाही. दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बराच फरक पडतो. एक, रंगापेक्षा बाण पाहा. तीस नॉटचा वारा पाठीमागून येत असेल आणि शिडं कमी केलेली असतील, तर मजबूत बोटीसाठी तो कामाचा दिवस आहे. तोच वारा समोरून आला तर फार दमवतो. दोन, लाटांच्या आकड्याचा अर्थ वेगळा आहे. ‘चार मीटर’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते, आणि बोटीवरच्यांना ते माहीत असतं. हिंदी महासागरासाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे अंदाज रोज देते. बोट त्या पट्ट्यात असेतो आधी तेच पाहावेत.

6. ठिपका थांबला तर

हाच या प्रकरणाचा गाभा.

1968 मध्ये एका शर्यतीत नऊ जण एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायला निघाले. त्यातल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही बोट मुंबईत, तिथल्या सुतारांनी सागवानात बांधलेली होती. 14 जून 1968 ला फालमथहून निघाल्यावर त्यांचा रेडिओ बिघडला. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या ओटागोजवळ ते माणसांच्या नजरेस पडले आणि नंतर सुमारे साडेचार महिने काहीच कळलं नाही. घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील, याची कल्पनाच करावी. एप्रिल 1969 मध्ये अटलांटिकमध्ये एका जहाजाशी त्यांचा संपर्क झाला आणि 22 एप्रिलला ते फालमथला पोचले, एकूण 312 दिवसांनी. नऊ जणांत फेरी पूर्ण केलेले ते एकटेच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टही होते. त्यांच्याकडून उत्तम मजल मारल्याच्या बातम्या येत होत्या आणि घरी पत्नी व चार मुलं त्या ऐकत होती. त्या बातम्या खोट्या होत्या. बोट अटलांटिकमध्येच घुटमळत होती. 10 जुलै 1969 ला ती सापडली, तेव्हा आत कुणी नव्हतं.

या दोन बोटी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला कळकळीने वाटतं. एक महिनोन्महिने गप्प होती आणि सुखरूप होती. दुसरी बोलत होती आणि बुडत्या माणसाला घेऊन फिरत होती. संपर्क आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा ट्रॅकर खोटं बोलत नाही, पण तो फक्त जागा सांगतो. ती थकली आहे का, जेवली आहे का, मन कसं आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही. ते तिच्या चार ओळींच्या संदेशातूनच कळतं.

ठिपका थांबण्याची साधी कारणं बरीच आहेत. ट्रॅकरच्या अँटेनावर खारं पाणी साचतं, वायर गंजते. ढगाळ आठवड्यात सौर पट्ट्या बॅटरी भरत नाहीत, मग कप्तान आधी स्वयंचलित सुकाणू आणि दिवे सुरू ठेवतो, ट्रॅकर बंद करतो. उपग्रह-सेवेचं शुल्क संपतं. जमिनीवरच्या संगणकाचा खोळंबा होतो. म्हणून ठिपका चुकला की पहिला प्रश्न असा: आणखी कुठून काही आलं आहे का? ट्रॅकर बंद आहे पण सकाळी ईमेल आला, तर प्रश्न मिटला.

नियम आधीच ठरवून ठेवावा. ‘बारा तास गप्प, तर काही करायचं नाही. चोवीस तास गप्प, तर किनाऱ्यावरच्या संयोजकाला फोन. छत्तीस तासांनी बचाव केंद्राला कळवायचं.’ आकडे तुमच्या बोटीप्रमाणे बदलतील. पण ते शांत डोक्याने, निघण्याआधी, तिच्यासोबत बसून लिहिलेले हवेत.

उशीर का करू नये, तेही पाहू. सात नॉटची बोट सहा तास गप्प असेल, तर ती शेवटच्या ठिपक्यापासून 42 मैलांच्या वर्तुळात कुठेही असू शकते. बारा तासांनी त्रिज्या होते 84 मैल. त्रिज्या दुप्पट झाली की शोधायचं पाणी चौपट होतं. म्हणून बचाव केंद्र पहिलं विचारतं ते हे: शेवटची जागा कोणती, आणि ती नेमकी किती वाजताची? हे दोन आकडे रोज घरातल्या वहीत लिहिणारं कुटुंब फार मोलाची मदत करतं.

7. 79 अंश पूर्व, सप्टेंबर 2018

जरीपटक्याच्या रेखांशाने सरळ दक्षिणेला निघा. श्रीलंकेचा पश्चिम किनारा डावीकडे ठेवत विषुववृत्त ओलांडा आणि जातच राहा. वाटेत कुठलीही मोठी भूमी लागत नाही. साधारण साडेएकोणचाळीस अंश दक्षिणेला, नागपूरपासून तीन हजार सहाशेच्या वर सागरी मैलांवर, या रेघेच्या एका अंशाच्या आसपास 21 सप्टेंबर 2018 ला अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ उलटीपालटी झाली.

ते गोल्डन ग्लोब शर्यतीत होते, 1968 च्या त्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त जुन्या साधनांनी घेतलेल्या. ‘थुरिया’ ही ‘सुहेली’चीच प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. स्पर्धकांना जीपीएस वापरायची बंदी होती. सूर्य-ताऱ्यांवरून सेक्स्टंटने जागा काढायची. पण सुरक्षेसाठी प्रत्येक बोटीवर ट्रॅकर बसवलेला होता. तो काय सांगतो, हे आयोजकांना आणि जगभरच्या लोकांना दिसत होतं. ज्याच्या बोटीवर तो होता, त्याला मात्र नाही. ‘थुरिया’ नेमकी कुठे आहे हे त्या दिवसांत टॉमींपेक्षा घरी बसलेल्यांना जास्त अचूक ठाऊक होतं.

वादळात वारा 70 नॉटच्या आसपास पोचला, लाटा 14 मीटरपर्यंत. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, उठता येईना. छोट्या संदेशयंत्रावरून त्यांनी तुटक शब्दांत एवढं कळवलं. त्यापुढचं काम ट्रॅकरच्या आकड्यांनी केलं. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हाती घेतली. भारतीय नौदलाचं पी-8आय विमान मॉरिशसहून उडालं आणि 23 सप्टेंबरला त्याने ‘थुरिया’ शोधून काढली. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन मोडक्या बोटीने त्यांच्या दिशेने निघाले होते. 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमींना उचललं आणि ॲमस्टरडॅम बेटावर नेलं. तिथून ‘आयएनएस सातपुडा’ने त्यांना विशाखापट्टणमला आणलं. कणा मोडलेला हा माणूस पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि 29 एप्रिल 2023 ला दुसरा आला.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की तीन दिवस त्या पाण्यात त्यांच्याजवळ कुणी नव्हतं, पण ते कुठे आहेत हे माहीत होतं. 30 जानेवारी 2025 ला ‘तारिणी’वरून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी प्रशांत महासागरातल्या पॉइंट निमोपाशी पोचल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन 2,688 किलोमीटर. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जाणारं अंतराळस्थानक डोक्यावर आलं, तर त्यातले अंतराळवीर हीच सर्वांत जवळची माणसं. अशा जागेहूनही आकडे घरी पोचत होते. 29 मे 2025 ला त्या दोघी गोव्यात परतल्या. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांतल्या महिलांची ‘त्रिवेणी’ मुंबईहून प्रदक्षिणेला निघाली.

8. निघण्यापूर्वी घरच्यांनी करायचं काम

ट्रॅकरशिवाय बोटीवर आणखी एक यंत्र असतं, ईपर्ब. बोट बुडू लागली की ते चालू होतं आणि 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक देतं. त्याची बॅटरी किमान 48 तास चालते. भारतात हे संकेत इस्रोच्या बंगळुरूमधल्या केंद्रात येतात आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांकडे जातात. हाकेबरोबर यंत्राचा स्वतःचा क्रमांक येतो, आणि त्या क्रमांकाच्या नोंदीत मालकाचं नाव, बोटीचं वर्णन आणि घरच्यांचा फोन नंबर असतो. बचाव केंद्र पहिला फोन बहुधा त्याच नंबरवर करतं. बोट खरंच समुद्रात आहे का, किती माणसं आहेत, शेवटचं बोलणं कधी झालं, हे त्यांना तुमच्याकडून हवं असतं. उत्तर लगेच मिळालं तर जहाज लगेच वळतं. नंबर जुना असेल, बंद असेल किंवा नोंदणीच केलेली नसेल, तर मोलाचे तास चौकशीत जातात.

म्हणून हार-तुरे, पेढे, फोटो हे सगळं करा, पण त्याआधी एक काम करा. तिच्यासोबत बसा. ईपर्बची नोंदणी कोणत्या देशात आहे ते पाहा, कारण परदेशी झेंड्याच्या बोटीची नोंद त्या देशात असते. त्यात दिलेले दोन्ही फोन नंबर स्वतः लावून बघा. एक नंबर रात्री उचलणाऱ्या माणसाचा असू द्या. ट्रॅकर किती तासांनी बोलतो आणि किती तास गप्प राहिला तर कुणाला कळवायचं, ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि त्याच कागदावर भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक लिहा: 1554.